मुलासाठी व्हीलचेअर घेताना: आधी माप, मग कागद, मग पैसे

व्हीलचेअर घेताना बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी कुठून तरी पैसे जमतात किंवा देणगीचं पत्र येतं. मग त्या रकमेत बसणारी खुर्ची शोधली जाते आणि शेवटी मुलाला त्या खुर्चीत बसवून पाहतात. सहा महिन्यांत मूल एका अंगाला कलायला लागतं किंवा सीटवरून पुढे घसरायला लागतं आणि खुर्ची कोपऱ्यात जाते. पैसे गेलेलेच असतात, वर पुढच्या मदतीचा अर्ज करताना ‘मागच्या वर्षीच खुर्ची दिली होती’ असं ऐकावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली मनुष्यबळाने चालणाऱ्या व्हीलचेअरसाठी जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात सेवेच्या आठ पायऱ्या आहेत: नोंदणी, तपासणी, निवड, पैशांची तजवीज व ऑर्डर, खुर्चीची जुळणी, फिटिंग, प्रशिक्षण, देखभाल व फेरतपासणी. यात पैशांची तजवीज चौथी येते. खालचे टप्पेही त्याच क्रमाला धरून आहेत. उदाहरण हाताने ढकलायच्या खुर्चीचं आहे. तरी खर्च आणि नियमांचे टप्पे उभं राहण्याची चौकट, बसण्याची खास खुर्ची, वॉकर अशा इतर साधनांनाही जवळपास तसेच लागू पडतात.

## टप्पा १: खुर्ची कशासाठी, हे कागदावर

एक पान घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं लिहा. तोंडी नको, कारण हेच पान पुढे थेरपिस्ट, विक्रेता आणि मदत देणारी संस्था या तिघांना दाखवायचं आहे.

- मूल दिवसातून किती तास खुर्चीत बसणार? दोन तास आणि आठ तास यांना उशी वेगळी लागते.
- खुर्ची कोण ढकलणार? मूल स्वतः हाताने, पायाने जमीन रेटून, की मोठं माणूस?
- खुर्चीत आणि खुर्चीतून कसं जातं? उचलून, बाजूने सरकून, की उभं राहून? बाजूने सरकणाऱ्या मुलाला निघणारे हातटेकू हवेतच.
- जमीन कशी आहे? खडबडीत असेल तर पुढची छोटी चाकं मोठ्या व्यासाची लागतात. ५ इंचाचं चाक खड्ड्यात रुततं, ८ इंचाचं बऱ्याचदा पार होतं.
- गाडीतून किंवा बसमधून जायचं आहे का? मूल खुर्चीतच बसून प्रवास करणार, की खुर्ची घडी करून मागे जाणार?
- घरातल्या सगळ्यात अरुंद दाराची मोकळी रुंदी किती? दार उघडल्यावर उरते ती जागा मोजा, चौकट नाही.

शेवटच्या प्रश्नाचं कारण असं: साध्या खुर्चीची एकूण रुंदी सीटच्या रुंदीपेक्षा साधारण १८ ते २० सेंमीने जास्त असते, कारण दोन्ही बाजूंना मोठी चाकं आणि त्यांच्या बाहेर ढकलायच्या कड्या असतात. सीटचा आकडा ऐकून ‘दारातून जाईल’ म्हणणारे नंतर दाराची चौकट तासतात.

## टप्पा २: आधी शरीराची तपासणी, मग टेप

ही तपासणी फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडूनच करून घ्या. पण ते काय पाहतात हे माहीत असलं तर राहून गेलेलं विचारता येतं.

पहिला मुद्दा नितंबाच्या सांध्याचा. मुलाला सपाट, कडक पृष्ठभागावर उताणं झोपवून मांडी हळूहळू पोटाकडे वाकवायची. ती काटकोनापर्यंत येते, आणि तोवर कंबर जमिनीवरून उचलली जात नाही, तर साधी सीट चालेल. त्याआधीच कंबर गोल फिरू लागली, तर सीट आणि पाठ यांच्यातला कोन ९० अंशांहून मोठा ठेवावा लागेल. तसं न करता काटकोनात बसवलं, तर शरीर पुढे घसरून आपला कोन आपणच शोधतं. ‘आमचं मूल खुर्चीत टिकतच नाही’ ही तक्रार कित्येकदा इथूनच सुरू होते, आणि पट्टे आवळून ती सुटत नाही.

दुसरा मुद्दा मांडीच्या मागच्या स्नायूंचा. ते आखडलेले असतील आणि फुटरेस्ट पाय पुढे ताणून धरत असेल, तर तो ताण कंबरेचं हाड मागे फिरवतो. पाठ गोल होते, सीट सुटते. अशा मुलाचे पाय गुडघ्यातून ९० अंश किंवा त्याहून थोडे जास्त वाकलेले राहिले पाहिजेत. पाय लांब करणारा फुटरेस्ट दिसायला आरामाचा वाटतो, पण या मुलांसाठी तोच घसरगुंडी ठरतो.

तिसरा मुद्दा त्वचेचा. संवेदना कमी आहे का, लघवी-शौचावर ताबा आहे का, आधी कधी दाबाची जखम झाली होती का, स्वतः हलून वजन बदलता येतं का? यातल्या एकाचंही उत्तर काळजीचं असेल, तर दाब कमी करणारी उशी मूळ यादीत लिहायची. ‘पैसे उरले तर’ या यादीत नाही.

सावधान: वाकवताना दुखलं, स्नायू झटक्याने ताठले किंवा सांधा ‘अडतोय’ असं वाटलं तर जोर लावू नका. नितंबाचा सांधा निखळलेला असू शकतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचं माप घेण्यात अर्थ नाही.

## टप्पा ३: पाच मापं

साहित्य: कडक बाक, आखडून मागे जाणारा स्टीलचा टेप, पायांखाली ठेवायला वेगवेगळ्या जाडीच्या फळ्या आणि पुठ्ठ्याच्या बांधणीची दोन मोठी पुस्तकं. शिंप्याचा टेप नको. तो अंगावरून वळतो, आणि आपल्याला हवं आहे सरळ रेषेतलं अंतर.

मुलाला बाकावर ताठ बसवा, एकाने मागून धरा, पाय फळ्यांवर पूर्ण टेकवा. पाय लोंबकळत ठेवून घेतलेलं प्रत्येक माप चुकतं. नेहमीचे बूट आणि ब्रेस घालूनच मोजा.

1. नितंबांची रुंदी. दोन्ही बाजूंना पुस्तकं उभी टेकवा, दाबू नका. दोन पुस्तकांमधलं अंतर म्हणजे रुंदी.
2. मांडीची लांबी. एक पुस्तक पाठीमागे उभं टेकवा. तिथून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंत मोजा. डावी आणि उजवी दोन्ही घ्या. फरक असेल तर लहान आकडा धरा.
3. पोटरीची लांबी. गुडघ्याच्या मागच्या खळीपासून टाचेखालपर्यंत. हेही दोन्ही बाजूंनी.
4. बाकापासून बरगड्यांच्या खालच्या टोकापर्यंत.
5. बाकापासून खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत.

आता हे आकडे खुर्चीत उतरवायचे. समजा रुंदी २६ सेंमी, मांडी डावीकडे ३४ आणि उजवीकडे ३३, पोटरी ३०, बरगडीपर्यंत २४. उशी मूल बसल्यावर दबून ५ सेंमी उरते.

- सीटची रुंदी: २६, फार तर २८ सेंमी.
- सीटची खोली: लहान आकडा ३३, त्यातून ३ वजा, म्हणजे ३० सेंमी. मोठ्या मुलासाठी ३ ते ६ सेंमी वजा करतात.
- सीटच्या कापडापासून फुटरेस्टपर्यंत: ३० वजा उशीचे ५, म्हणजे २५ सेंमी. शिवाय फुटरेस्ट जमिनीपासून किमान ५ सेंमी वर राहिला पाहिजे.
- पाठीची उंची: २४ अधिक उशीचे ५, म्हणजे सीटच्या कापडापासून २९ सेंमी. धड सावरत नसेल तर पाचवं माप धरून उंच पाठ घ्यायची.

उशीची जाडी मूल बसल्यावरची धरायची, पाकिटावर छापलेली नाही. पाय रेटत खुर्ची चालवणाऱ्या मुलासाठी पोटरीचं माप जमिनीपर्यंत लावायचं. फुटरेस्ट काढता आला पाहिजे.

चुकतं कुठे: ‘वाढत्या अंगाचं आहे, मोठंच घ्या.’ हे कपड्यांना चालतं. सीट रुंद असली की मूल एका बाजूला टेकतं, पाठीचा कणा वाकडा बसतो आणि चाकापर्यंत हात पोचवायला खांदे बाहेर फाकतात. सीट खोल असली की तिची कड पोटरीला लागते, आणि ते टाळायला मूल पुढे सरकून पाठीच्या खालच्या टोकावर बसतं. रुंदीत २ ते अडीच सेंमीपेक्षा जास्त सूट देऊ नका.

वाढीची सोय खुर्चीच्या रचनेत मागायची. मुलांची मांडी लवकर लांबते, नितंबांची रुंदी त्या मानाने हळू वाढते. म्हणून खोली वाढवता येणं सगळ्यात महत्त्वाचं. पाठीचे दांडे मागच्या भोकांत सरकवता येतात का, एकूण किती सेंमी मिळतात आणि त्यासाठी नवा भाग विकत घ्यावा लागतो का, हे तीन प्रश्न विचारा. ‘ॲडजस्टेबल’ या एका शब्दावर समाधान मानू नका.

## टप्पा ४: शिफारसपत्र

मदत नाकारली जाते त्यातली बरीच प्रकरणं इथे अडतात. पत्रात ‘मुलाला व्हीलचेअरची आवश्यकता आहे’ एवढंच असतं. मंजूर करणाऱ्याला मग सगळ्यात स्वस्त व्हीलचेअर मंजूर करायला कोणतीच आडकाठी नसते, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

पत्रात प्रत्येक भागापुढे कारण हवं, आणि तो भाग नसला तर काय होईल तेही. फरक असा दिसतो:

*कच्चं:* ‘बाजूचे आधार दिल्यास मुलास सोयीचे होईल.’

*पक्कं:* ‘बसलेल्या स्थितीत धड डावीकडे कलते. डावा हात आधारासाठी सीटवर टेकवावा लागतो, त्यामुळे जेवण व लेखनासाठी एकच हात उरतो. दोन्ही बाजूंचे आधार लावून पाहिले असता डावा हात मोकळा राहिला व मूल २० मिनिटे टेबलावर काम करू शकले.’

‘लावून पाहिलं’ या वाक्याला वजन असतं. त्यासाठी खरोखर लावून पाहावं लागतं. आधी उशा, गुंडाळलेला टॉवेल असं काहीही चालेल.

पत्रात कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव एकटं लिहू नका. मापं आणि गुणधर्म लिहा, मॉडेल उदाहरण म्हणून द्या. खाली एक ओळ हवीच: यातलं काय बदललं तर चालेल आणि काय बदलता येणार नाही. रंग, ब्रँड, घडीची पद्धत बदलली तरी चालेल. सीटची रुंदी, खोली, उशी बदलता येणार नाही. ही ओळ नसेल तर ‘समकक्ष’ या शब्दाखाली मोठ्यांची खुर्ची घरी येते.

## टप्पा ५: किंमत वाचायची कशी

किमान दोन विक्रेत्यांकडून फोड करून कोटेशन घ्या. एकच एकूण आकडा स्वीकारू नका. ओळी अशा हव्यात: मूळ खुर्ची, उशी, प्रत्येक आधार व पट्टा स्वतंत्र, वाहतूक, जुळणी, फिटिंगच्या भेटी, कर, कोटेशनची मुदत.

मुलांच्या साधनांत नफा पुष्कळदा मूळ खुर्चीत नसतो, जोडभागांत असतो. फोड केली की तेच जोडभाग इतर ठिकाणी विचारता येतात. काही भाग नेहमीच्या बाजारात मिळतात. बेअरिंगचा नंबर विचारा. पुढच्या चाकात ६०८ असेल, म्हणजे आतलं भोक ८, बाहेरचा व्यास २२ आणि रुंदी ७ मिमी, तर ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. टायरच्या बाबतीत मात्र ‘२४ इंच’ या शब्दावर जाऊ नका. व्हीलचेअरच्या अनेक २४ इंची रिमवर बसणाऱ्या टायरवर ५४० हा आकडा असतो, माउंटन सायकलच्या २४ इंची टायरवर ५०७. दोन्ही २४ इंचीच, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टायरच्या कडेवर २५-५४० किंवा ३७-५४० असं लिहिलेलं असतं. तो आकडा टिपून ठेवा.

आता दरमहाचा हिशेब. पद्धत कळावी म्हणून आकडे मनाचे घेतले आहेत. एक खुर्ची ६० ची, उशीचे १५, दुरुस्तीचे ९, एकूण ८४. खोली वाढत नाही, म्हणून १४ महिन्यांत लहान पडली: महिन्याला ६. दुसरी १०० ची, उशीचे १५, पुढच्या तीन वर्षांचे सुटे भाग आणि फेरजुळणी २९, एकूण १४४. ३६ महिने चालली: महिन्याला ४. मंजुरी देणाऱ्यासमोर ‘महागडी हवी’ म्हणण्याऐवजी ही दोन गणितं ठेवा. त्यांनाही फायलीत लावायला काहीतरी हवं असतंच.

हे उलटंही होऊ शकतं, हे विसरू नका. शस्त्रक्रिया ठरलेली असेल आणि सहा महिन्यांत बसण्याचा कोन बदलणार असेल, तर महागडी खुर्ची आत्ता घेऊ नये. भाड्याने किंवा वापरलेली घ्यावी.

आयात करत असाल तर: सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात व्हीलचेअर ८७१३ या शीर्षकाखाली येते आणि तिचे सुटे भाग ८७१४.२० खाली. १९५० चा फ्लॉरेन्स करार आणि त्याला जोडलेला १९७६ चा नैरोबी प्रोटोकॉल यांत दिव्यांग व्यक्तींसाठी खास बनवलेल्या वस्तूंना शुल्कमाफीची तरतूद आहे, पण तुमच्या देशाने ती कितपत लागू केली आहे हे आधी तपासावं लागतं. इन्व्हॉइसवर हे क्रमांक लिहून मागा. उशी वेगळ्या बिलाने आली तर ती साधी गादी-उशी समजून वेगळ्या दराने कर लागू शकतो. खुर्चीसोबत एकाच ऑर्डरीत घ्या.

## टप्पा ६: नियम आणि शिक्के

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. शिक्का म्हणजे कोणी तरी खुर्ची तपासली, असं गृहीत धरलं जातं. नेहमी तसं नसतं.

सीई खूण. युरोपीय संघाचा वैद्यकीय उपकरणांचा नियम २०१७/७४५ मे २०२१ पासून लागू आहे. त्यात हाताने ढकलायची खुर्ची सगळ्यात कमी जोखमीच्या पहिल्या वर्गात बसते. या वर्गात उत्पादक स्वतःच जाहीर करतो की वस्तू नियमांना धरून आहे. बाहेरच्या संस्थेने ती तपासलेली असेलच असं नाही. म्हणून खूण पाहून थांबू नका, अनुरूपतेचं घोषणापत्र आणि चाचणी अहवाल मागा.

एफडीए नोंदणी. अमेरिकेच्या या अन्न व औषध प्रशासनाकडे कारखाना किंवा वस्तू नोंदवणं म्हणजे मान्यता नव्हे, असं तिचे नियमच सांगतात. ती नोंदणीची प्रमाणपत्रं देत नाही. सोनेरी किनारीचं ‘एफडीए प्रमाणपत्र’ दाखवणाऱ्या विक्रेत्याकडे बाकीचे कागद जरा बारकाईने पाहा.

भारतातले नियम. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत, ए सगळ्यात कमी जोखमीचा. विक्रेत्याला वर्ग आणि नोंदणी किंवा परवान्याचा क्रमांक विचारा.

चाचणी अहवाल. खरी माहिती इथे मिळते. व्हीलचेअरसाठी आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संस्था) ७१७६ ही मानकांची मालिका आहे. अहवालात हे भाग शोधा:

- भाग १: उभ्या खुर्चीचं संतुलन, किती उतारावर उलटते.
- भाग ३: ब्रेक.
- भाग ८: मजबुती. यात दोन फिरत्या ड्रमवर २ लाख फेरे आणि थोड्या उंचीवरून ६,६६६ वेळा खाली आपटणं अशी चाचणी असते. स्वस्त खुर्च्यांच्या सांगाड्याला आणि पुढच्या चाकांच्या फोर्कला इथेच तडे जातात.
- भाग १६: बसण्याच्या व आधाराच्या भागांचा पेट घेण्याला विरोध.
- भाग १९: वाहनात आसन म्हणून वापर.

अहवालात दोन गोष्टी जुळवून पाहा. चाचणीच्या पुतळ्याचं वजन किती होतं? २५, ५०, ७५, १०० किलो असे वेगवेगळे पुतळे वापरतात. ४० किलोच्या मुलासाठी २५ किलोच्या पुतळ्यावर तपासलेली खुर्ची पुरी पडत नाही. आणि अहवालातलं मॉडेल तुमच्या कोटेशनमधल्या मॉडेलशी अक्षरशः जुळतं का? एका मॉडेलचा अहवाल सगळ्या कॅटलॉगला लावण्याची सवय जुनी आहे.

मापाने बनवलेलं साधन. एकाच मुलासाठी, तज्ज्ञाच्या लेखी शिफारशीवरून बनवलेल्या साधनावर युरोपीय नियमांनुसार सीई खूण नसते, त्याऐवजी उत्पादकाचं निवेदन सोबत असतं. त्यामुळे अशा साधनावर खूण नाही म्हणून घाबरू नका. निवेदन मागा.

सावधान, वाहनाबद्दल: भाग १९ मधली चाचणी ताशी ४८ किमी वेगाने समोरून होणाऱ्या धडकेची असते आणि ती पुढे तोंड करून बसवलेल्या खुर्चीची. ही चाचणी साधारण २२ किलो व त्याहून जास्त वजनाच्या प्रवाशांसाठी आहे. त्याहून हलकं मूल गाडीच्या बालआसनात बसवणं योग्य. खुर्चीचा कंबरपट्टा बसण्यासाठी असतो, अपघातासाठी नव्हे. वाहनात खुर्ची चार ठिकाणी जमिनीला बांधायची आणि मुलाला वेगळा तीन टोकांचा पट्टा लावायचा.

## टप्पा ७: वापरलेली खुर्ची

पैसे वाचवायचा हा उत्तम मार्ग आहे. अट एकच, माप जुळलं पाहिजे. ‘चांगल्या कंडिशनमधली आहे’ हे माप नव्हे.

घेण्याआधी: सिरियल नंबर टिपून उत्पादकाकडे विचारा की ही मालिका कधी परत मागवली होती का, आणि सुटे भाग अजून मिळतात का. खुर्ची रिकामी उलटी करून वेल्डिंगच्या जागा बोटाने चाचपा. रंगात केसासारखी रेघ म्हणजे तडा. सपाट फरशीवर चारही चाकं टेकतात का पाहा, एक उचललेलं असेल तर सांगाडा पिळलेला आहे. पुढच्या चाकाचा उभा दांडा तिरका झाला असेल तर वेगात चाक थरथरतं. सीटचं कापड झोळीसारखं लोंबत असेल तर बदला. झोळीत मांड्या आत दाबल्या जातात आणि धड कलतं. फोमची उशी मात्र जुनी घेऊच नका.

आणि घरी वेल्डिंग करून नवा दांडा जोडण्याचा मोह टाळा. त्या क्षणी वॉरंटी, चाचणी अहवाल आणि उत्पादकाची जबाबदारी तिन्ही संपतात.

## टप्पा ८: फिटिंग

खुर्ची आली की सही करण्याआधी मूल त्यात बसलं पाहिजे. पोचपावतीवर ‘फिटिंग बाकी’ असं लिहा. क्रम असा: उशी, मग कंबर मागे टेकवणं, मग फुटरेस्ट, मग पाठ, मग हातटेकू, सगळ्यात शेवटी पट्टे. उलट क्रमाने गेलात तर पट्टे चुकीच्या बसणीलाच घट्ट धरून ठेवतात.

फुटरेस्ट: मांडी पूर्ण लांबीभर उशीला टेकली पाहिजे. फुटरेस्ट खाली असेल तर पाय ओढले जाऊन मूल घसरतं. वर असेल तर गुडघे उचलतात आणि सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं.

चाक: हात सरळ खाली सोडला की बोटांची टोकं मोठ्या चाकाच्या आसापर्यंत पोचावीत. हात कडीच्या माथ्यावर ठेवला की कोपर साधारण ९० ते १२० अंशांत वाकलेलं असावं. आस पुढे घेतला तर ढकलायला हलकं जातं, पण खुर्ची मागे उलटायला सोपी होते. सुरुवातीला आस मागे ठेवा आणि उलटू न देणारी मागची चाकं लावा.

उशीची हाताने तपासणी. हे नीट करा. मुलाला जरा पुढे किंवा बाजूला झुकवा, तळहात वर करून बोटं उशी आणि बैठकीच्या हाडाच्या मध्ये सरकवा. मग मुलाला सरळ बसवा, त्याचे हात त्याच्या मांडीवर. आता बोटांची टोकं हलवून पाहा. निदान ५ मिमी वरखाली हलली तर दाब सुरक्षित. हलत नाहीत पण बोटं सहज बाहेर सरकतात, तर धोक्याची सूचना, उशी बदलायचा विचार करा. बोटं चेपली जातात आणि ओढून काढावी लागतात, तर ती उशी वापरायची नाही. दोन्ही बाजूंना वेगवेगळं लागलं, तर कंबर तिरकी बसली आहे.

कंबरपट्टा: मांडीच्या मुळाशी, सीटशी साधारण ४५ अंशांत. पोटावर नाही. खाली दोन बोटं सपाट जावीत.

सावधान: छातीचा पट्टा कंबरपट्ट्याशिवाय कधीही लावू नका. मूल खाली घसरलं तर छातीचा पट्टा गळ्यावर येतो.

घेण्याआधीची शेवटची तपासणी: ब्रेक लावून खुर्ची ढकला. चाक सरकलं तर आधी टायरची हवा पाहा, कारण ब्रेक टायरवर दाबूनच धरतो. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो.

## टप्पा ९: पहिले पंधरा दिवस

पहिल्या दिवशी आठ तास बसवू नका. अर्ध्या तासाने उठवून कपडे काढून त्वचा पाहा: बैठकीची हाडं, पाठीचं शेवटचं टोक, नितंबांच्या बाजू, पट्ट्याखालची जागा, टाचा. लालसर डाग ३० मिनिटांत गेला नाही, तर त्या जागी दाब जास्त आहे. डाग जाईपर्यंत मुलाला त्या अंगावर बसवू नका आणि फिटिंग करणाऱ्याला बोलवा. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही. बोटाने गरमपणा आणि कडकपणा चाचपा. सगळं ठीक असेल तर दर दिवशी थोडा वेळ वाढवा.

बसलेलं असताना दर २० ते ३० मिनिटांनी वजन हलवायचं. पुढे झुकणं, आळीपाळीने बाजूंना झुकणं. स्वतः जमत नसेल तर मोठ्यांनी करायचं. घड्याळ लावा, लक्षात राहत नाही.

## टप्पा १०: देखभाल, आणि पुढचा अर्ज

आठवड्याला टायरची हवा, ब्रेक, पुढच्या चाकांत अडकलेले केस आणि दोरे. महिन्याला सगळे नटबोल्ट, स्पोक, सीटचं कापड, उशीचा फोम. फोम हाताने दाबून सोडला आणि परत फुगला नाही तर त्याचं काम संपलं. किल्ल्यांचा आकार आणि टायरचा आकडा सांगाड्याखाली कायमच्या शाईने लिहून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो.

दर तीन महिन्यांनी मांडी आणि पोटरी मोजा, तारीख घालून वहीत लिहा. फुटरेस्ट आणि सीटची खोली त्याप्रमाणे सरकवा. ही नोंद पुढच्या अर्जाला जोडायची. ‘मूल वाढलं’ या वाक्याच्या जागी ‘१८ महिन्यांत मांडी ५ सेंमीने वाढली, सीटची खोली पूर्ण वाढवून झाली’ असं लिहिता येतं, आणि मग ‘मागच्या वर्षीच दिली होती’ याला उत्तर देता येतं.

मंजुरी, ऑर्डर आणि फिटिंग यांना महिने लागतात. म्हणून पाठ मागे सरकवायला एकच भोक उरलं, की त्याच आठवड्यात थेरपिस्टची वेळ घ्या आणि टप्पा १ चं पान पुन्हा काढा.